जमिनीचे काम हाती घेताना
अल्पाकांच्या नखांची आणि दातांची निगा : प्रस्तावना

अल्पाका पाहायला आलेला माणूस आधी त्याची लोकर पाहतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. हजारो वर्षे माणसाने हा प्राणी लोकरीसाठीच जोपासला आहे. पण या लोकरीमुळेच बऱ्याच गोष्टी नजरेआड राहतात. पायांवरची लोकर खाली उतरून नखे झाकते. जनावर रोडावले तरी अंगावरच्या लोकरीमुळे ते गुबगुबीतच दिसते. तोंड तर अल्पाका कोणासमोर सुखासुखी उघडत नाही. त्यामुळे तो लंगडू लागेपर्यंत नख वाढल्याचे कळत नाही आणि पाठीची हाडे हाताला लागेपर्यंत दाढ सडल्याचे कळत नाही. ही पुस्तिका या दोन झाकलेल्या जागांविषयी आहे : पायाचे टोक आणि तोंडाचा आतला भाग.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे. अल्पाकाची नखे आयुष्यभर वाढतात आणि पुढचे दातही बराच काळ वाढत राहतात, कारण ज्या जमिनीवर तो घडला ती जमीन नखे आणि दात दोन्ही झिजवत होती. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला होता. आपण त्याला त्या जमिनीवरून उचलून मऊ कुरणात आणले तेव्हा वाढ त्याच्याबरोबर आली आणि झीज मागेच राहिली. ते राहिलेले काम आता पाळणाऱ्याच्या माथी आहे. नियमित निगा म्हणतात ती हीच.

ती जमीन म्हणजे अँडीज पर्वतरांगांमधले उंच पठार. पेरूतील पुनो, कुस्को, अरेकिपा, वांकावेलिका हे प्रदेश आणि बोलिव्हियाचा पश्चिम भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० ते ५,००० मीटर उंचीवर. जगातले बहुसंख्य अल्पाका आजही पेरूमध्येच आहेत. तिथे दिवसा ऊन भाजून काढते आणि रात्री पाणी गोठते. माळावर इचू नावाचे ताठ, चिवट गवत झुपक्यांनी उगवते. त्याच्या पात्यांत सिलिका भरपूर असते, आणि वाऱ्याने उडालेली बारीक रेतीही त्यावर बसलेली असते. मधूनमधून बर्फाच्या पाण्यावर जगणारी दलदलीची हिरवी कुरणे लागतात. अल्पाकांना ती फार आवडतात. पण कळप सकाळी दगडी आवारातून बाहेर पडतो, खडकाळ उतारावरून चरत चरत तिथे पोचतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परततो. रोजच्या या चालीत नखे घासली जातात आणि रोजच्या चरण्यात दात. पिढ्यान् पिढ्या अल्पाका राखणाऱ्या केचुआ आणि आयमारा कुटुंबांना नखे कापण्याची वेगळी कला घडवावी लागली नाही. डोंगर ते काम बिनबोभाट करत होता.

एकोणिसाव्या शतकात युरोपला अल्पाकाचा मोह पडला तो कापडामुळे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८३६च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेली अल्पाकाची लोकर उचलली, तिच्यापासून कापड विणण्याची रीत बसवली आणि पुढे सॉल्टेअर ही आख्खी गिरणीवस्ती उभी केली. लोकर आली तसे जनावरही आपल्याकडे असावे असे अनेकांना वाटू लागले. पेरूने जिवंत अल्पाका देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली होती. तरी चार्ल्स लेजर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने अँडीज ओलांडून कळप चोरवाटांनी किनाऱ्यापर्यंत आणला आणि १८५८ साली अडीचशेहून अधिक जनावरे सिडनी बंदरात उतरवली. तो उपक्रम टिकला नाही. अल्पाका खऱ्या अर्थाने जगभर पसरले ते १९८०च्या दशकापासून : चिलीतून अमेरिकेत, आणि मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनमध्ये. तिथे त्यांना हिरवेगार, ओलसर, दगड नसलेले कुरण मिळाले. मालकांना वाटले, जनावराने सुख काढले. पोटाच्या बाबतीत ते खरेही होते. पायांचा आणि तोंडाचा हिशेब मात्र वेगळा निघाला.

पाय आधी घेऊ. अल्पाकाला गाईमेंढीसारखा खूर नसतो. प्रत्येक पायाला दोन बोटे, प्रत्येक बोटाच्या टोकाला एक नख, आणि त्यामागे कातड्याची जाड, मऊ गादी. अंगाचा भार या गादीवर पडतो. राजस्थानातला एका वशिंडाचा उंट आणि लडाखच्या नुब्रा खोऱ्यातला दोन वशिंडांचा उंट यांचे पायही याच घडणीचे आहेत, कारण अल्पाका उंटाच्याच कुळातला. अशा पायाने चालणारे जनावर गवत चिरडत नाही, जमीन उकरत नाही. पण याच घडणीमुळे नखावर भार येत नाही. खाली खडक असेल तर ते घासले जाते. मऊ माती असेल तर त्याला अडवणारे काहीच नसते.

मग ते पुढे सरकते, खाली वळते आणि शेवटी एका बाजूला मुडपते. आता गादी टेकण्याआधी नखाचे टोक जमिनीला लागते. प्रत्येक पावलाला बोट थोडे पिळले जाते. पिळलेल्या बोटावर भार द्यायला नको म्हणून जनावर पाय वेगळा टाकू लागते आणि त्याचा ताण वरच्या सांध्यांवर जातो. वाढत्या वयाच्या पिलात हाडे अजून घडत असतात. तिथे हे वाकडेपण कायमचे बसू शकते. मुडपलेल्या नखाच्या पोटात चिखल आणि लेंड्या साचतात, ओल धरतात आणि खालची कातडी कुजू लागते. हे सगळे महिनोन् महिने, गाजावाजा न होता चालते. अल्पाका दुखणे दाखवत नाही. ज्या प्राण्यावर झडप घालणारे चहूकडे आहेत, त्याने अशक्तपणा लपवलाच पाहिजे, हा त्याच्या रक्तातला धडा आहे. म्हणून पाळणाऱ्याने दुखण्याची वाट न पाहता पाय हातात घेतला पाहिजे.

पाय हातात घेतल्यावर आधी कापायचे नाही, साफ करायचे. बोथट काडीने किंवा ब्रशने नखाखालचा चिखल काढला की नखाची खरी हद्द दिसते. मग बाजूने पाहायचे : नखाची खालची कड गादीच्या पातळीला आहे की तिच्याखाली उतरली आहे? उतरली असेल तर मेंढ्यांच्या खुरांसाठी वापरतात तशी धारदार कात्री घ्यायची. आत मुडपलेल्या कडा आधी, टोक नंतर. एका घावात काम उरकण्याची घाई इथे नडते, कारण नखाच्या गाभ्यात रक्तवाहिनी असते. फिकट नखात ती गुलाबी रेघेसारखी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तिथे पातळ चकत्या काढत जायचे. कापलेली जागा ओलसर आणि गुलाबीसर वाटू लागली की थांबायचे. चुकून रक्त आलेच तर दाबून धरावे आणि रक्त थांबवणारी पूड लावावी. पाऊस पडून गेल्यावर नखे मऊ होतात आणि कात्री सहज चालते. कडक उन्हाळ्यात तीच नखे लाकडासारखी लागतात.

किती दिवसांनी कापावे, याला एक उत्तर नाही. मऊ कुरणावरच्या कळपात दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पाय पाहावा, हे सर्वसाधारण प्रमाण. काहींना त्याआधी गरज पडते, काहींचे वर्षातून दोनदा केले तरी भागते. फिकट नखे गडद नखांपेक्षा लवकर वाढतात, असे पाळणारे सांगतात. एकाच जनावराचे चार पायही सारखे नसतात. ज्या बोटाचे नख इतरांपेक्षा भराभर वाढते, त्या पायात काही बिघडले आहे का, हे पाहावे. तो पाय कमी टेकला जात असेल.

पाय उचलण्याची रीत कात्रीइतकीच महत्त्वाची. पुढचा पाय मनगटातून मागे दुमडावा, मागचा पाय सरळ मागे घ्यावा, आणि दोन्ही जमिनीपासून थोडेच उचलावे. बाजूला ताणला की सांधा दुखतो आणि जनावर पुढच्या वेळी पाय देत नाही. एकाने मानेपाशी शांतपणे धरावे, दुसऱ्याने पाय पाहावा. धरताना एक पथ्य कडक पाळावे : अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतो आणि त्याच्या नाकाचा पुढचा भाग मऊ असतो. तिथे हात दाबला गेला किंवा म्होरकी खाली घसरली, तर त्याचा श्वास कोंडतो आणि तो जिवाच्या आकांताने उसळतो. मालकाला वाटते, जनावर द्वाड आहे. प्रत्यक्षात ते गुदमरत असते. म्होरकी डोळ्यांच्या जवळ, हाडाच्या आधारावर बसली पाहिजे. कित्येक अल्पाका पाय उचलताच खाली बसतात. ओढून उभे करण्यापेक्षा बसल्या जागी जमेल तेवढे करावे. दिवस भरत आलेल्या मादीला आणि ऐन दुपारच्या उन्हात कोणालाच या कामासाठी धरू नये.

पाय हातात आहे तोवर बोटांच्या बेचक्यात पाहावे. तिथे खपल्या, गेलेले केस, जाड झालेली कातडी दिसली तर ती बहुधा खरजेची खूण. डोळ्यांना न दिसणारे परजीवी ती करतात आणि पायांपासून ती पोटाखाली, कानांपर्यंत चढते. कातडी खरवडून पशुवैद्याकडे तपासायला द्यावी. गादीला चिरा, काटे, जखमा आहेत का तेही पाहावे. नखे कापणे हे पाय पाहण्याचे निमित्त आहे, असे समजून जो हे काम करतो त्याच्या कळपात आजार वेळेवर सापडतात.

आता दात. या विषयात मराठी वाचक अगदीच नवखा नाही. बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचा ओठ वर करून दात पाहते, आणि आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला या शब्दांत त्याचे वय आणि किंमत दोन्ही ठरते. अल्पाकाचे तोंड याच पद्धतीने वाचता येते. बैलासारखेच त्यालाही वरच्या जबड्यात पुढे गवत कातरणारे दात नसतात. तिथे कडक हिरडीची गादी असते आणि खालचे दात तिच्यावर टेकून गवत तोडतात. बैलाला खाली असे आठ दात, अल्पाकाला सहा. कायमच्या दातांची मधली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास आणि कडेची त्यानंतर. जन्माच्या वेळीही तोंड बोलते : नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे पुढचे दात हिरडीतून वर आलेले नसतील तर ते दिवस भरण्याआधी जन्मले असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला जास्त जपावे लागते.

अल्पाकाच्या पुढच्या दातांनी त्याचे कूळही उजेडात आणले. अल्पाका हा अँडीजमधल्याच लामा या मोठ्या पाळीव जनावराचा एक लहान प्रकार असावा, असा समज बराच काळ होता. प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ जेन व्हीलर यांनी पेरूच्या हुनिन भागातल्या तेलारमाचाय या डोंगरी निवाऱ्यात सापडलेली हाडे आणि दात तपासले. विकुन्या या अँडीजमधल्या रानटी उंटवर्गीय प्राण्याचे पुढचे दात सतत वाढतात आणि त्यांच्या पुढच्याच बाजूला इनॅमल, म्हणजे दाताचे कडक आवरण, असते. ग्वानाको हा दुसरा रानटी भाऊबंद आणि लामा यांच्या दातांवर ते सगळीकडून असते. अल्पाकाचे दात विकुन्याच्या वळणाचे निघाले. तेलारमाचायमध्ये असे दात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरांपासून आढळतात. २००१ साली व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या डीएनए अभ्यासाने, अल्पाका विकुन्यापासून आला याला दुजोरा दिला. दात वाढत राहणे हा रोग नाही, तो त्याचा वारसा आहे. हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

या वारशाला दोन जमिनींवर दोन वेगळी फळे येतात. पठारावरच्या खरबरीत गवतावर दात वाढीपेक्षा जास्त झिजतात. वय झालेल्या जनावराचे दात खुंटतात, पडतात, त्याला चरता येत नाही आणि कळपातून त्याला काढावे लागते. ब्रिटनच्या किंवा न्यूझीलंडच्या मऊ गवतावर याच्या उलट घडते : पुढचे दात वरच्या गादीच्या बाहेर वाढून ओठांतून डोकावू लागतात आणि गवत धड तुटत नाही.

इथेच सर्वांत जास्त सावधपणा हवा. दात थोडे पुढे दिसतात म्हणून ते घासायलाच हवेत असे नाही. अंगाने बरा असलेला, नीट चरणारा, नीट रवंथ करणारा अल्पाका आहे तसा सोडावा. पण लोकर कातरण्याच्या दिवशी सगळा कळप एकामागून एक आडवा केलेला असतो, दात घासायचे यंत्र चालू असते, आणि गरज आहे की नाही हे न पाहता सरसकट सगळ्यांचे दात घासले जातात. ही रीत थांबली पाहिजे. दाताच्या आत जिवंत मज्जा आहे. काही मिलिमीटर जास्त गेले की ती उघडी पडते, वेदना होतात आणि तिथून संसर्ग मुळापर्यंत उतरतो. घासायचेच तर जाणत्या हाताने, थोडेच आणि पुन्हा पाहून घासावे. पकडीने किंवा नखांच्या कात्रीने दात कधीही तोडू नये. दात उभा चिरतो आणि चीर हिरडीखाली जाते. जबडाच मुळात पुढे-मागे असेल तर घासून तो सरळ होत नाही. अशी ठेवण पुष्कळदा पुढच्या पिढीत उतरते, म्हणून त्या जनावराची पैदास करू नये. त्याची लोकर कितीही सुरेख असली तरी.

नरांचे सुळे ही वेगळी बाब आहे. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि खाली एक-एक, असे सहा सुळे साधारण अडीच-तीन वर्षांच्या पुढे येतात. ते मागे वळलेले आणि सुरीसारखे धारदार असतात, आणि खाण्याच्या कामाचे नसतात. नर भांडतात तेव्हा एकमेकांचे कान, पाय आणि अंडकोष धरतात. या सुळ्यांनी कान फाटतो, कधी प्रतिस्पर्ध्याचे अंडही निकामी होते. म्हणून एकत्र ठेवलेल्या नरांचे सुळे बोथट करणे हे त्यांच्याच रक्षणाचे काम आहे. अडलेल्या गाईच्या बाळंतपणात पशुवैद्य मेलेले वासरू कापून काढायला जी पिळाची तार वापरतात, तीच इथे चालते. पशुवैद्य जनावराला गुंगी देतात, ओठ आणि जीभ बाजूला धरतात, तार सुळ्याभोवती हिरडीच्या किंचित वर बसवतात आणि दोन्ही मुठींनी मागेपुढे ओढतात. काही क्षणांत टोक निघून येते. तार तापते म्हणून हात थांबत थांबत चालवतात, कारण उष्णतेनेही मज्जा दुखावते. उरलेला खुंट बोटाने चाचपून गुळगुळीत करतात. सुळा उपटण्याचा विचार कोणी करू नये. त्याचे मूळ जबड्यात खोलवर गेलेले असते.

दाढा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्या हातांनी पाहाव्या लागतात. खालच्या जबड्याच्या दोन्ही कडांवरून एकाच वेळी दोन्ही हातांची बोटे फिरवावीत. एका बाजूला कडक फुगवटा लागला तर दाढेच्या मुळाशी गळू झाल्याची शंका घ्यावी. अल्पाकांमध्ये हा आजार दुर्मीळ नाही. पुष्कळदा जनावर खात राहते आणि मालक निर्धास्त असतो. मग एके दिवशी फुगवटा फुटून पू वाहू लागतो. एका बाजूनेच चघळणे, चघळलेला चारा तोंडातून पडणे, गालात चारा साठून राहणे, तोंडाला दुर्गंधी येणे, यातले काहीही दिसले की एक्स-रे काढून घ्यावा. वेळेवर कळले तर बराच काळ दिलेल्या प्रतिजैविकांनी भागू शकते, नाहीतर भूल देऊन दाढ काढावी लागते. तोंडात काही बिघडले की वजन उतरते. म्हणून शेवटच्या बरगडीमागे पाठीच्या कण्यावर हात दाबून मांस किती आहे ते पाहण्याची सवय लावावी. लोकर डोळ्यांना फसवते, तळहाताला नाही.

पुढच्या प्रकरणांत या सगळ्याचा विस्तार येईल : पायाची आणि जबड्याची रचना, हत्यारे आणि त्यांची धार, पिलांना लहानपणापासून पायाला हात लावून घेण्याची सवय, कोणते काम घरी करावे आणि कोणते पशुवैद्यावर सोपवावे. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात अल्पाका पाळावेत असे सुचवण्याचा यात हेतू नाही. थंड, कोरड्या उंचीवरच्या या जनावराला आपला उकाडा सोसणार नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन इथे राहणारे आणि या प्राण्याकडे ओढले गेलेले मराठी वाचक, उंटवर्गीय प्राण्यांचा अभ्यास करणारे पशुवैद्यकाचे विद्यार्थी, आणि जनावर समजून घेण्यात ज्यांना आनंद वाटतो ते सर्व, यांच्यासाठी हे लेखन आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटवर्गीय प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, ते या प्राण्यांवर जगणाऱ्या डोंगरी आणि वाळवंटी कुटुंबांकडे जगाचे लक्ष जावे म्हणून. त्या कुटुंबांनी हजारो वर्षांत घडवलेले जनावर आपल्या कुंपणात आले असेल, तर ते धडधाकट ठेवणे हे त्यांचेही देणे आहे.

अल्पाका घेण्याआधी किंमत, कुरण, कुंपण यांचा हिशेब सगळे करतात. त्यात आणखी तीन प्रश्न घालावेत. दर दोन-तीन महिन्यांनी पाय कोण धरणार? तोंड तपासणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे? प्रत्येक जनावराच्या नावाने तारीख, वजन, नखे, दात अशी नोंदवही कोण लिहिणार? या प्रश्नांना माणसांच्या नावांनिशी उत्तरे देता आली तर अल्पाका जरूर घ्यावेत, आणि कळपाचा प्राणी म्हणून एकटा न घेता दोन-तीन तरी घ्यावेत. उत्तरे नसतील तर आधी ती मिळवावीत. जनावर त्यानंतर आणावे.